एकाच पेटीतला माल

“हळू रे मेल्या, हळू! तुझ्या बापानं लावल्यात का त्या?”

महादू गवंड्यानं छिन्नी थांबवली आणि शिडीवरून माझ्याकडं बघितलं. मी खाली धुळीत उभी, पदर नाकाला लावून. दोशींच्या बंगल्याचं छप्पर आदल्या आठवड्यातच उतरवलं होतं. वैशाखाचं ऊन सरळ व्हरांड्यात पडत होतं, आणि त्या उन्हात ती हिरवी भिंत अशी चमकत होती की पाण्यात उभं राहिल्यासारखं वाटावं.

“काकू, फरशी चुन्यात बसलीय साठ वर्षं. ती काय बांगडीय, साबण लावला की सुटायला?”

“बांगडी तरी तुला सोडवता येते का? सर बाजूला. ती बादली दे इकडं. आधी चुना भिजू दे, मग खालून पातं घाल. एवढी घाई करायला लग्न लागलंय का तुझं?”

“आता या वयात कोण देतंय मुलगी,” महादू म्हणाला. पण बादली त्यानं दिली.

बार्शीतली गोष्ट आहे, मी बेचाळिशीत होते तेव्हाची. दोशी म्हणजे सरकी काढायच्या जिनाचे मालक. त्यांच्या आजोबांनी बंगला बांधला, नातवांनी विकला. घेणाऱ्याला तिथं टॉकीज काढायची होती. दारं एकानं नेली, रंगीत काचांच्या खिडक्या दुसऱ्यानं नेल्या. मी व्हरांड्याची भिंत मागितली. लोक हसले. कासारीण भिंत नेतेय म्हणाले. नेऊ दे म्हणाले, उद्या डोक्यावर टोपलीत घालून विकेल.

त्यांना काय माहीत! वीस वर्षं मी त्या व्हरांड्यात मांडी घालून बसले होते. दोशींच्या बायका-पोरी एकेक करून माझ्यापुढं हात करायच्या. माझी बोटं त्यांची मनगटं दाबायची, आणि डोळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडं त्या भिंतीवर असायचे. व्हरांड्याच्या आत मला कधी कुणी बोलावलं नाही. चहा तिथंच यायचा. बांगड्या भरून झाल्या की रीतीप्रमाणं कासारणीला नमस्कार करायचे, आणि मग दार लागायचं. ती भिंत म्हणजे माझी हद्द होती.

वीतभर चौकोनी फरश्या. समुद्र मी बघितला नव्हता, पण तो तसाच हिरवा असणार असं मला वाटायचं. त्यावर लिलीच्या कळ्या, उठावाच्या. हात फिरवला तर देठ बोटाला लागावा अशा. आपल्याकडं वेलबुट्टी असते, पण ती शिस्तीची. इकडं एक फूल, तिकडं एक फूल, मध्ये पान. तिथली वेल कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. देठ खालच्या फरशीतून निघायचा, वरच्या फरशीत चाबकासारखा वळायचा, तिसरीत पुन्हा मागं फिरायचा आणि तिथं कळी उमलता उमलता थांबायची. त्या सगळ्या भिंतीत एक रेघ सरळ नव्हती. कडेनं सरळ असायच्या त्या फक्त बसलेल्या बायका.

आमचं घर त्याच वर्षी पक्कं झालं होतं, विटा-सिमेंटचं. भास्करचं, माझ्या मुलाचं, लग्न करायचं होतं. मी नवऱ्याला म्हणाले, समोरच्या खोलीत ती भिंत लावायची. ‘हे’ म्हणाले, बरं. ते सगळ्यालाच बरं म्हणायचे. म्हणून तर घर उभं राहिलं.

संध्याकाळी महादूनं हातगाडी आणून लावली. मी ओट्यावर फरश्या मोजून घेतल्या. बारा फुटल्या होत्या. काही दोन तुकडे, काही नुसता चुरा.

“बारा!” मी म्हणाले. “अख्खा डझन! तरी सांगत होते मी या रेड्याला.”

“एक ओळ कमी करा,” महादू म्हणाला. “वर पांढरा रंग मारू.”

“वर पांढरा रंग तुझ्या तोंडाला मार. देठ खालून निघालाय, त्याला वर कळी नको?”

“आई,” आतून यमू म्हणाली, “ते तुकडे टाकू नको.”

यमू माझी मुलगी. तेव्हा बावीस वर्षांची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, परांड्याला दिली होती. आमच्यातलेच, भांड्यांचं दुकान, घर चांगलं. चैत्रात ती एकटीच एसटीनं निघून आली. हातात एक पिशवी, आणि दोन्ही मनगटं मोकळी.

दर सणाला मी तिला डझन डझन बांगड्या भरून पाठवायची. पुढच्या सणाला यायची तेव्हा हातात दोन-तीन उरलेल्या असायच्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. परांड्याला माझ्या मुलीच्या बांगड्या फार वाढायच्या. कासारणीला मनगट वाचता येतं. घट्ट बांगडीचा वळ वेगळा, आणि बांगडीसकट मनगट कुणी आवळलं की काच रुतते, ती खूण वेगळी. चैत्रात मी ती खूण बघितली. खोबरेल लावलं. विचारलं काही नाही.

तिनंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, भाकरी थापताना.

“आई, मला परत पाठवू नको.”

“दादाचं ठरू दे. मग बघू.”

“मग म्हणजे?”

“मग म्हणजे मग. घरात माघारी आलेली मुलगी दिसली तर भास्करला कोण मुलगी देईल? त्यांनाही कान असतात, डोळे असतात.”

“हाताला काम मिळालं तर मी माझं पोट भरेन. कुठंही राहीन. तुझ्या दारात दिसणार नाही.”

“चौथी शिकलीस! कलेक्टर करतील तुला.”

भाकरी करपली. पण मी तिला लगेच पाठवलं नाही, एवढं मात्र खरं. दिवाळीपर्यंत राहा म्हणाले. परांड्याहून दोनदा निरोप आला, दोनदा मी तब्येतीचं कारण सांगितलं. गल्लीत सांगितलं, माहेरपणाला आलीय. आठ महिन्यांचं माहेरपण! गल्ली काय आंधळी नव्हती. पण माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

तर ते तुकडे यमूनं परातीत घेतले आणि दोन दिवस जोडून बघत बसली. मग महादूकडून पांढऱ्या सिमेंटच्या बारा कोऱ्या फरश्या पाडून घेतल्या. माळ्यावरून माझ्या सासूची लाखेची पेटी काढली. माझी सासू लाखेच्या बांगड्या स्वतः करायची. कोळशाच्या शेगडीवर लाख तापवून तिचा दोऱ्यासारखा बारीक तार काढायची. यमू लहानपणी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. मला वाटायचं, पोर खेळतेय.

यमू फरशी निखाऱ्यावर गरम करायची, लाखेचा तार देठासारखा वळवत वर सोडायची आणि थंड व्हायच्या आत बोटानं दाबायची. पोळायचं. पाण्यात बोट घालायची आणि पुन्हा दाबायची. दोन तारांच्या मधल्या जागेत हिरवी लाख वितळवून भरायची, कडेला दाट, मध्ये पातळ, अगदी त्या विलायती फरश्यांवरच्या काचेसारखी. पहिल्या तीन फरश्या तिनं स्वतःच फोडून टाकल्या आणि महादूकडून तीन नव्या पाडून घेतल्या.

“काय वाईट होतं त्यात?” मी विचारलं.

“देठ घाबरलेला आला.”

“देठ घाबरतो?”

“हात घाबरला की देठ घाबरतो.”

मी म्हणाले, बघा बाई, काय काय ऐकायचं या घरात. पण आषाढ गेला, श्रावण गेला, मी तिला कामाला हाक मारली नाही. स्वयंपाक मीच केला. दुपारी बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून निघताना शेगडीजवळ जरा थांबायची. तिची मान खाली, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि बोटाखालून ती वेल निघत चाललेली. चैत्रापासून तिच्या चेहऱ्यावर जे सावट होतं ते त्या वेळी नसायचं.

बारावी फरशी दसऱ्याच्या आदल्या दिवशी भिंतीला लागली. महादूनं सांधे भरले, ओल्या फडक्यानं पुसलं आणि मागं सरून उभा राहिला.

“आयला,” तो म्हणाला. “कुठल्या त्या सांगा बघू.”

मलाही चटकन सांगता आलं नाही. मी त्याला म्हणाले, “कुठल्या म्हणजे? सगळ्या दोशींच्या. कळलं का? कुठं बोललास तर या गल्लीत तुला पाणी मिळणार नाही.”

यमू दारात उभी होती. हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

इथं एक सांगितलं पाहिजे. मी सून होऊन आले तेव्हा सासूनं पहिला धडा दिला तो स्वयंपाकाचा नव्हता. ती म्हणाली, डझन म्हणजे डझन. एका पेटीतला, एका भट्टीतला. एक बांगडी वाढली म्हणून दुसऱ्या पेटीतली घालून डझन पुरा करायचा नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही असं समजू नको. हातात घातली की आवाजावरून कळते. अशी भेसळ करणारी ती कासारीण नव्हे, भामटी. सगळ्या बाजारात आमच्या दुकानाचं नाव होतं ते एवढ्याच गोष्टीवर. कुणी नुसतं ‘काकू, ही जरा वेगळी वाटतेय’ म्हटलं की माझं टाळकं सरकायचं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी साताऱ्याचे हेंद्रे घर बघायला आले. त्यांची सुनंदा आम्ही पसंत केली होती. आता त्यांनी आमचं घर बघून होय म्हणायचं राहिलं होतं. मुलीचे वडील रंगनाथराव, आणि मुलीचे मामा, मधुकर सासणे. मामा तिशीतला, चष्मेवाला, पुण्यात चिनीमातीच्या कुठल्याशा कारखान्यात कामाला. यमूला मी सकाळीच बजावलं होतं, कुणी विचारलं तर दसऱ्याला आलीस, चार दिवसांपूर्वी. पाणी आणून दे, पोहे दे आणि आत जा.

रंगनाथराव उंबरा ओलांडून आले आणि तिथंच थबकले.

“अहो, हा तर राजवाडाच की!”

“राजवाडा कसला,” मी म्हणाले. “विलायती फरश्या आहेत. दोशींनी बोटीनं मागवल्या होत्या.”

ते वाक्य मी आठवडाभर घोटून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर असं वाटलं की दोशीणबाई उंबऱ्याबाहेर बसलीय आणि मी आत.

यमूनं पाणी दिलं, पोहे दिले. दसऱ्याला आलीय माहेरी, चार दिवस झाले, मी न विचारताच सांगून टाकलं. ती आत गेली. रंगनाथराव आणि आमचे ‘हे’ साताऱ्याच्या पावसावर बोलायला लागले. मामा मात्र बशी हातात घेऊन उठले आणि भिंतीपुढं जाऊन उभे राहिले.

“काकू, या तऱ्हेला काय म्हणतात माहितीये का?”

“फरशी म्हणतात.”

सगळे हसले. तेही हसले.

“आर्ट नूव्हो म्हणतात. म्हणजे नवी कला. फ्रान्स, बेल्जम तिकडं निघाली, साठ-सत्तर वर्षांपूर्वी.”

“सत्तर वर्षांची नवी! आमच्या महादू गवंड्याला सांगते, तो अशीच नवरी शोधतोय.”

“तिकडं लवकर जुनी झाली हो ती,” मामा म्हणाले. “लोकांनी काढून फेकली. पण तेव्हा वेड होतं. जिन्याचा कठडा, दिवा, पलंग, दाराची मूठ, साधा चमचा, सगळ्याला असं वळण द्यायचे. त्यांचं म्हणणं, माणूस आयुष्य घरात काढतो, मग घर खोक्यासारखं का असावं? ते उगवल्यासारखं पाहिजे.”

हे मला कळलं. दुसरी शिकलेली बाई मी, पण वीस वर्षं त्या व्हरांड्यात मला तेच वाटत होतं. फक्त सांगता येत नव्हतं. तो माणूस मला त्या क्षणी आवडला, खोटं का बोलू.

मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि भिंतीला हाताची पालथी बाजू लावली. आपण पोराचा ताप बघतो तशी. एका फरशीला लावली, दुसरीला लावली. स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकले आणि थांबले.

“ही गार लागत नाही,” ते म्हणाले.

“ऊन येतं तिकडून,” मी म्हणाले.

“शेजारची गार आहे.” त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नाक भिंतीला लागेल इतके जवळ गेले. “काकू, यातल्या काही वेगळ्या आहेत.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“वेगळ्या कशा असतील? एकाच पेटीतला माल आहे.”

“नाही, मी वाईट म्हणत नाही—”

“वाईट-चांगलं राहू द्या. माझ्या घरात भेसळ नसते. बांगडी असो नाहीतर फरशी असो.”

“काकू, ऐका तर. कारखान्यातल्या कळ्या जुळ्या असतात. एक बघितली की सगळ्या बघितल्या. आणि या इथल्या…” त्यांनी मोजल्या. “या बारा जुळ्या नाहीत. नुसत्या बहिणी आहेत. प्रत्येकीचं वळण निराळं. हे साच्याचं काम नव्हे. हे कुणीतरी हातानं केलंय, आणि ज्यानं केलंय त्याला निदान तीन-चार महिने लागले असतील.”

स्वयंपाकघरात चहाची भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली.

“मधुकर,” रंगनाथराव म्हणाले, “बस की खाली. घर बघायला आलोय आपण, परीक्षा घ्यायला नाही.”

“पण कुणी केलंय ते तरी—”

“एकूण एक विलायती,” मी म्हणाले. “इथं केलेली एकसुद्धा नाही.”

मग आत कपात चहा ओतल्याचा आवाज आला.

रंगनाथरावांनी तिथंच होय म्हटलं. साखरपुड्याची तिथी बघायचं ठरलं. टांगा दारात आला, पाहुणे गेले. मी आत आले तर यमू पाटावर बसली होती, गुडघ्यांना मिठी घालून.

“आई, ते काय विचारत होते?”

“मालात खोट काढत होता. शहाणा.”

“खोट नव्हते काढत.”

“मग काय करत होता?”

“कुणी केलं ते विचारत होते.” तिचा आवाज हलका झाला होता. “त्यांना चांगलं वाटलं होतं, आई. मी ऐकलं ना. त्यांना माणूस पाहिजे होता.”

“मला नाही बाई ते कळलं.”

“खरंच नाही कळलं?”

“दुसरी शिकलेली बाई मी. पुण्याच्या माणसाचं बोलणं मला काय कळणार? वेगळं म्हटलं की मला भेसळ ऐकू येते. तुझ्या आजीनं तसंच शिकवलंय.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पदरानं तोंड पुसलं, पुसत राहिले. मग ती हसली. माझी कीव आल्यासारखी.

“बरं,” ती म्हणाली. “राहू दे.”

“पत्र घालू या का त्यांना?” असंही तिनं चार दिवसांनी विचारलं. मी म्हणाले, साखरपुडा होऊ दे. साखरपुडा झाला. मग म्हणाले, लग्न होऊ दे, आता सोयरे झाले, त्यांच्यापुढं मी खोटी पडू का? तेव्हा तिनं विचारायचं सोडलं. भाऊबीज झाली आणि तिनं स्वतःच पिशवी भरली. मी तिच्या हातात दोन डझन हिरव्या बांगड्या भरल्या. रीतीप्रमाणं ती मला वाकून नमस्कार करून परांड्याला गेली. भास्करच्या लग्नाला आली, नवऱ्याबरोबर, जोडीनं. लोक म्हणाले, बघा, उगाच बोलत होते.

दुसऱ्या वर्षी श्रावणात परांड्याहून पत्र आलं, यमू न्हाणीत पाय घसरून पडली, उजव्या हाताला लागलंय, काळजी नसावी. मी काळजी केली नाही. संक्रांतीला ती आली तेव्हा मी बांगड्या भरायला तिचा हात हातात घेतला. बांगडी चढवताना आम्ही अंगठ्याखालचं हाड आत दाबतो, बोटं एकमेकांवर दुमडतो, हात छोटा करून घेतो. तिचा हात छोटा होईना. हाड वाकडं बसलं होतं. आयुष्यात लाखभर हात मी असे दाबले असतील. त्यातला हा एक दाबता आला नाही.

“दुखतं का?” मी विचारलं.

“मोठ्या मापाची घाल,” ती म्हणाली.

सुनंदा, माझी सून, गुणाची निघाली. ती दोन-तीन वर्षांनी एकदा बोलता बोलता म्हणाली, “मधुमामा नेहमी म्हणतात, बार्शीत एक हात माझ्या हातून निसटला. आमच्या कारखान्यात सहा बायका नक्षीला बसतात, पण तसा हात नाही म्हणतात. कुणाचा होता हो तो, आत्याबाई?”

यमू तेव्हा शेजारीच बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. भास्करनं सगळी हकिगत सांगितली. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? सुनंदानं कपाळाला हात लावला.

“आत्याबाई! ते कामाला बोलवत होते, आणि तुम्हाला वाटलं भेसळ धरली?”

“कासारणीची जात,” मी म्हणाले. “आमचं डोकंच तसं.”

सगळे हसले. घरातली ती गोष्टच झाली मग. हळदीकुंकवाला सांगायची, नव्या जावयाला सांगायची. आईचं भेसळीचं डोकं! यमूसमोर सांगायचे, तीही हसायची. तेरा वर्षं ती परांड्याला नांदली. नवरा गेला, मग भास्करनं तिला आणली. समोरच्या खोलीतच तिची कॉट आहे. आता शहरातली पोरं भिंतीचे फोटो काढायला येतात, जुनं फार सुंदर आहे म्हणतात. कुठली म्हणून विचारलं तर यमूच सांगते, विलायती.

मधुकरमामा गेल्या पौषात वारले. सुनंदा पुण्याला जाऊन आली. मी बारीक बारीक विचारून घेतलं, शेवटी काय बोलले, कुणाजवळ काय बोलले. हात निसटला यापलीकडं त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. तेव्हा त्या दुपारचा एक तुकडा आता फक्त माझ्याकडं उरलाय.

त्या दिवशी सगळे टांग्यात बसले, आणि चष्म्याचं घर विसरलं म्हणून मामा परत आले. ते त्यांच्या खिशातच होतं. ओट्याच्या पायरीवर मी एकटी उभी होते. ‘हे’ घोड्याजवळ, रंगनाथरावांशी बोलत.

“काकू, मघाशी सगळ्यांपुढं बोलायला नको होतं, माझं चुकलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पोहे द्यायला आली तेव्हा मी तुमच्या मुलीची बोटं बघितली. पोळलेली आहेत. नखात लाख आहे. या बारा तिनं केल्यात.”

मी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“ती चार दिवसांपूर्वी आलेली नाही, हेही मला कळतं. मी रंगनाथरावांना यातलं अक्षर बोलणार नाही. सोयरिकीला यानं धक्का लागणार नाही, माझा शब्द. आमच्याकडं बायका कामाला आहेत. माझी बायकोसुद्धा तिथंच बसते. तुमची मुलगी आमच्या घरी राहील, घरच्यासारखी. मी असा हात दहा वर्षं शोधतोय हो. तुम्ही फक्त होय म्हणा. बाकीचं मी बघतो.”

एकेक करून त्यानं माझी प्रत्येक सबब काढून घेतली. एकसुद्धा शिल्लक ठेवली नाही. रस्त्यापलीकडं गल्लीतल्या चार बायका उभ्या होत्या, माझ्या विलायती घरातून निघालेले पाहुणे बघायला. माझ्या मागं ती भिंत होती. होय म्हटलं असतं तर ती दोशींची राहिली नसती, आणि माझीही राहिली नसती. शेगडीपुढं बसून एका माघारी आलेल्या पोरीनं पुरी केलेली भिंत झाली असती ती.

“नखात लाख नाही, मेंदी आहे,” मी म्हणाले. “दसऱ्याची. आणि बोटं भाकरी करताना पोळली. तुम्ही पुण्याची माणसं, चुलीपुढं कधी बसलाय?”

तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी नजर हलवली नाही. गिऱ्हाइकापुढं मी कधीच हलवत नाही. मग त्यानं हात जोडले.

“माझा समज चुकला असेल, काकू. भलतंच बोललो. माफ करा.”

आणि मी त्याला माफ केलं.